देवाची वाणी आणि ३१ तारखेची मुदत

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी २७ वर्षांची, इंदूरला विजयनगरच्या एका ऑफिसात नोकरी करते. घर मराठी ख्रिस्ती, आजी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे अभंग म्हणायची. गेले सहा महिने ती रूममेटबरोबर रविवारी संध्याकाळी भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या एका सभेला जाते. तिथे व्यासपीठावरून तिला सांगण्यात आलं, की प्रभू तुला सेवेसाठी बोलावतोय, ३१ तारखेच्या आत नोकरी सोड आणि आज्ञापालनाची खूण म्हणून एक पूर्ण पगार ‘बीज’ म्हणून पेर. तिच्या आईला मधुमेह आहे. आईवरही हात ठेवून ‘झालं, आता सुई नको’ असं सांगितलं. दुसरीकडे ऑफिसातली मैत्रीण भविष्य सांगायला टॅरोचे पत्ते काढते, समुपदेशक म्हणते स्वतःला काय हवंय ते आधी ओळख, आणि घरच्या मंडळीत, म्हणजे नेहमीच्या चर्चमध्ये विचारलं तर ‘प्रार्थना कर, सगळं ठीक होईल’ एवढंच उत्तर मिळतं. शेवटची ओळ अशी: ‘एवढ्या आवाजांत देवाचा आवाज कोणता, हे मी कसं ओळखू?’

जय ख्रिस्त. मी ३१ वर्षं पाळक होतो, आधी निमाडात आणि मग इंदुरात. आता निवृत्त आहे, पण लोक अजून दार वाजवतात. वयानं तू माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून सरळ ‘तू’ म्हणतो.

बाकीच्या आधी आईचं. तिचं इन्सुलिन बंद झालं असेल तर हे उत्तर बाजूला ठेव, आजच तिच्या डॉक्टरांना फोन कर आणि ते सांगतील तसं पुन्हा सुरू कर. यात पारख करण्यासारखं काही नाही. बरेपणासाठी मी स्वतः शेकडो वेळा डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आहे आणि पुढेही करीन. पण खरोखर बरं झालेल्या माणसाची रक्ततपासणी तसं दाखवते आणि औषध डॉक्टरच कमी करतात. प्रभूनं कुष्ठरोग्याला शुद्ध केल्यावरही ‘जा, याजकाला दाखव’ असं सांगितलं होतं. त्या काळी तपासणीचं काम याजकाकडे होतं. प्रेषित पौलाबरोबर लूक होता, तो वैद्य. तीमथ्याला पोटाच्या त्रासावर थोडा द्राक्षारस घे, असं पौलानं पत्रात लिहिलं. त्रफिमाला तर आजारी म्हणून मिलेतात मागे ठेवून तो पुढे गेला. यांच्यापैकी कुणाचा विश्वास कमी होता असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. सुई बंद केल्यानं काय होतं ते मी एका घरात पाहिलंय. त्या घरातला अंत्यविधी मीच केला. इथे जास्त लिहीत नाही.

आता तुझा प्रश्न. ‘देवाचा आवाज कसा ओळखू’ असं तू विचारलंस, पण पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटतं तुझी अडचण वेगळी आहे. तुला आवाज ओळखायला वेळच दिलेला नाही. हातात एक तारीख दिली, आणि तारीख पाळली नाही तर ती आज्ञाभंग ठरेल हेही आधीच सांगून ठेवलं. म्हणजे पारख करणं हेच पाप ठरलं. तिथेच मला थांबावंसं वाटतं, कारण शास्त्रात नेमकं उलट आहे. पौल लिहितो, ‘सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा.’ हे वाक्य कुठे आहे बघ: १ थेस्सलनीकाकरांस, पाचवा अध्याय. त्याच्या अगदी आधीचं वाक्य संदेशांचा, म्हणजे देवाच्या नावानं दिलेल्या भविष्यवाणीचा, धिक्कार करू नका असं सांगतं. म्हणजे ज्याच्या पत्रात संदेशांना मान आहे, तोच पारख करायला सांगतोय. मूळ ग्रीक शब्द नाणी आणि धातू तपासण्यासाठीही वापरत. आपल्या सराफ्यात दिवसा जाऊन बघ. सोनार दागिना काळ्या दगडावर घासतो आणि त्या रेघेवर तेजाब लावतो. खऱ्या सोन्याचा मालक समोर निवांत बसलेला असतो. ‘घासू नका, विश्वास ठेवा’ असं जो म्हणेल, त्याच्याकडे सोनार कसं बघेल ते तूच सांग.

या विषयावर मला सगळ्यात उपयोगी पडलेला उतारा मात्र नव्या करारातला नाही. जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २८वा अध्याय काढ. यरुशलेमावर बाबेलची सत्ता बसलेली आहे, काही लोक बंदिवान होऊन गेलेले आहेत. यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन फिरतो आणि सांगतो, हे लवकर संपणारं नाही. मग मंदिरात, याजकांच्या आणि सगळ्या लोकांच्या समोर हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहतो आणि ‘सेनाधीश परमेश्वर म्हणतो’ अशी सुरुवात करून सांगतो, की दोन वर्षांच्या आत मंदिराची भांडी परत येतील, बंदिवानही परत येतील. तो यिर्मयाच्या मानेवरचं जू काढतो आणि सगळ्यांसमोर मोडून टाकतो. आजच्या भाषेत सांगायचं तर सभा जिंकली. तारीख होती, चांगली बातमी होती, मंचावर करून दाखवायला काहीतरी होतं, आणि देवाचं नाव तर होतंच.

यिर्मया काय करतो? आधी म्हणतो, आमेन, परमेश्वर असंच करो. त्यालाही ते हवंच होतं! मग म्हणतो, शांतीचा संदेश देणारा संदेष्टा खरा की खोटा हे त्याचं बोलणं घडल्यावर कळतं. आणि जू मोडल्यावर पुढे एक छोटं वाक्य आहे, ज्यावर उपदेश करताना मी कुणाला ऐकलेलं नाही: मग यिर्मया आपल्या वाटेनं निघून गेला. तो स्वतः संदेष्टा होता, तरी जागच्या जागी उत्तर दिलं नाही. त्याच्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हतं. परमेश्वराचं वचन त्याला नंतर मिळालं आणि मग तो परत आला. यिर्मयाला मंचासमोरून घरी जायची मोकळीक होती, तर विजयनगरातल्या मुलीलाही आहे.

आणि याच्या लगेच पुढचा अध्याय कोणता? २९वा. त्यातलं अकरावं वचन तुझ्या घरी भिंतीवर नक्की असेल. ‘तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो’, हितसंकल्पाचे, अनिष्टाचे नव्हेत. गेल्या काही वर्षांत चहाचे मग, कॅलेंडर, मोबाइलचं कव्हर, सगळीकडे मी ते पाहिलंय. वचन सुंदरच आहे. पण ते एका पत्रातलं आहे, आणि पत्र बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेलं आहे. त्याच्या आधीच्या, दहाव्या वचनात सत्तर वर्षं म्हटलंय. घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात मी तुम्हाला पाठवलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं ते पत्र सांगतं. हनन्याचा आकडा दोन होता, देवाचा सत्तर. भिंतीवर अकरावं लटकवणाऱ्यानं दहावंही लटकवावं, असं मी एकदा नववर्षाच्या उपासनेत म्हणालो होतो. कुणाला फारसं आवडलं नाही.

तुझी रूममेट इथे म्हणेल, की मग कोळी शिष्यांचं काय? प्रभूनं हाक मारली आणि ते ‘लागलेच’ जाळी सोडून निघाले. बरोबर आहे, मार्काच्या पहिल्या अध्यायात तसंच आहे. पण योहानाचा पहिला अध्यायही वाच. अंद्रिया आधीपासून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिष्य होता. त्यानं येशूबरोबर एक दिवस घालवला, मग भावाला, शिमोनाला आणलं. म्हणजे तळ्याकाठची हाक ही पहिली भेट नव्हती. निघताना ते झटकन निघाले, पण ओळख त्याआधीच झालेली होती. तुला हाक मारणाऱ्याला तू किती ओळखतेस? सहा महिने, रविवारी दोन तास, पंचविसाव्या रांगेतून. त्याच्या बायकोशी, ड्रायव्हरशी तो कसा बोलतो, चूक झाली तर कबूल करतो का, गेल्या वर्षी सांगितलेल्या आणि न घडलेल्या गोष्टींचं काय करतो, यातलं काही तुला माहीत आहे?

आता मी तुझ्या बाजूनंही थोडं बोलतो, कारण सगळा दोष त्या माणसावर टाकून तुझी सुटका होणार नाही. तू लिहिलंयस की नोकरी सोडण्याचं ऐकल्यावर ‘मनाला इतकी शांती वाटली की रडू आलं’. या शांतीबद्दल सावध राहा. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण त्याच पत्रात तीन ओळी वर तू हेही लिहिलंयस, की तुझा मॅनेजर रोज अपमान करतो आणि रविवारी रात्री झोप लागत नाही. पोरी, ज्याचा दात दुखतोय त्याला ‘उपटून टाकू’ म्हटलं तरी हलकं वाटतं. हलकं वाटणं आणि शांती यांतला फरक मला फार उशिरा कळला, म्हणून माझीच गोष्ट सांगतो.

निमाडातल्या एका छोट्या गावी मी पाळक होतो. कब्रस्तानाच्या भिंतीवरून कमिटीत भांडण पेटलं होतं. भिंत कोणी बांधायची, ठेका कोणाला, पैसे कुठे गेले. मी रोज मन मारून जगत होतो. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर आमच्याकडे बायबलच्या वचनांच्या चिठ्ठ्यांची डबी फिरते, तुमच्याकडेही फिरत असेल. मला चिठ्ठी आली अब्राहामाची: आपला देश, आपले नातेवाईक सोडून मी दाखवीन त्या देशात जा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं स्पष्ट! जानेवारीतच बदलीचा अर्ज दिला आणि तो मंजूरही झाला, ही मला दुसरी खूण वाटली. नव्या गावी दोन वर्षांत तसंच भांडण सुरू झालं, फक्त भिंतीच्या जागी हार्मोनियम होता. बऱ्याच वर्षांनी एकदा मी ही साक्ष पाहुण्यांसमोर रंगवून सांगत होतो. बायको चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, “पण तुम्ही त्या रात्री दोन चिठ्ठ्या काढल्या होत्या.” मी पार विसरलो होतो. पहिली स्तोत्र ३७ची निघाली होती, देशात वस्ती कर, सत्कर्म कर अशा अर्थाची. ती मी ‘दोन चिकटून आल्या’ म्हणून परत डबीत टाकली होती.

देवानं त्या दोन्ही चिठ्ठ्यांतून काही म्हटलं असं मला आज वाटत नाही. पण मी काय ऐकायला बसलो होतो, ते त्यातून पुरतं कळलं.

कॅथलिक परंपरेत यावर बारकाईनं विचार झालेला आहे. आम्हा प्रॉटेस्टंट लोकांना तो कोणी शिकवत नाही, हे आमचं दुर्दैव. इग्नेशियस लोयोला हा मूळचा शिपाईगडी. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्याचा पाय मोडला आणि तो कित्येक आठवडे अंथरुणावर पडून राहिला. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा. एक पराक्रमाची आणि एका बड्या घरच्या स्त्रीला जिंकण्याची, दुसरी ख्रिस्तासाठी संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्ही गोड लागत. पण पहिली संपली की मन कोरडं पडायचं, दुसरी संपल्यावरही समाधान टिकून राहायचं. म्हणजे क्षणाचा आनंद त्यानं मोजलाच नाही, मागे काय उरलं ते पाहिलं. पुढे त्यानं नियम लिहिला, की मन उदास, कोरडं, अंधारलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. तू आत्ता नेमकी त्याच अवस्थेत आहेस. मॅनेजरचा छळ हे नोकरी बदलायला पुरेसं कारण आहे. त्यासाठी भविष्यवाणी लागत नाही. दुसरी नोकरी शोध, छळाची लेखी तक्रार कर. पण छळातून सुटणं आणि सेवेचं बोलावणं या दोन गोष्टी एकाच पिशवीत भरू नकोस.

पैशाचं बोलू. अशा सभेत सारफथच्या विधवेची गोष्ट हमखास सांगतात. दुष्काळात शेवटचं मूठभर पीठ उरलं होतं, एलीया संदेष्ट्यानं आधी माझ्यासाठी भाकर कर म्हटलं, तिनं दिली आणि मडक्यातलं पीठ संपलं नाही. तेव्हा तूही शेवटचं दे. गोष्ट खरी आहे, पण पुढची ओळ गाळतात. ती, तो आणि तिचं घर, सगळ्यांनी मिळून पुष्कळ दिवस त्यातूनच खाल्लं. एलीया भाकर घेऊन दुसऱ्या गावच्या सभेला निघून गेला नाही. त्याच दुष्काळात, त्याच घरात, त्याच मडक्यातलं तो जेवला. तिचा मुलगा दगावला तेव्हा तो वरच्या खोलीतच होता. तुझा पगार घेणारा पुढच्या महिन्यात तुझं भाडं थकलं तर तुझ्या स्वयंपाकघरात असेल का?

आणि नामान सेनापतीची गोष्ट तर हे लोक सांगतच नाहीत. कोड बरं झाल्यावर त्यानं रुपं, सोनं, वस्त्रं पुढे केली, आणि त्याला बरं करणाऱ्या अलीशा संदेष्ट्यानं शपथ घेऊन नाकारली. मागून धावत जाऊन घेतलं ते अलीशाचा चाकर गेहजीनं, तेही मालकाचं नाव सांगून. मी दानाच्या विरोधात नाही. लोकांनी दिलेल्या दशांशावर, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्श्यावर, माझं घर चाललंय. पण देणं भाग पडतं म्हणून देऊ नये, हे पौलानं करिंथकरांना लिहून ठेवलंय, आणि तारीख लावून मागितलेलं दान तर भागच पाडतं.

एक गोष्ट कदाचित तुझ्या लक्षात आली नसेल. तू लिहितेस की त्या रविवारनंतर ‘सगळीकडून तीच खूण येतेय’, मोबाइल उघडला की ‘सोडून दे, मागे बघू नकोस’ असेच व्हिडिओ. ती खूण नाही, बेटा. एक व्हिडिओ तू पूर्ण पाहिलास म्हणून त्यानं तसेच आणखी वीस पुढे केले. आपल्या छप्पन दुकान बाजारातल्या मिठाईवाल्यानं तुला रोज तीच मिठाई दाखवावी तसं आहे हे. गिऱ्हाईक कुठे रेंगाळलं तेवढंच त्याला कळतं. माझ्या मोबाइलवर सध्या गुडघेदुखीच्या तेलाचे संदेष्टे आहेत. दोन आठवडे असे व्हिडिओ न थांबता पुढे सरकव, खुणा आपोआप कमी होतील. शिवाय आता ओळखीच्या उपदेशकाचा चेहरा आणि आवाज वापरून, त्यानं कधीच न म्हटलेलं वाक्य त्याच्या तोंडी घालता येतं. तेव्हा कोण बोललं याची खात्री झाल्याशिवाय काय बोललं याकडे जाऊच नकोस.

टॅरोवाल्या मैत्रिणीबद्दल तुझ्या मनात भीती दिसते. पत्ते काढून भविष्य बघणं शास्त्राला मान्य नाही, तेव्हा बसू नकोस, ‘मला नको गं’ एवढं म्हण. पण ती तुझी मैत्रीण आहे, तिच्याबरोबर पोहे खायला जाणं सोडू नकोस. आणि खरं सांगू? तारखेसकट भविष्य सांगणारा मंच आणि पत्ते उलटणारी मैत्रीण यांच्यात तुला वाटतो तितका फरक मला वाटत नाही. समुपदेशकाला मात्र या रांगेत उभं करू नकोस. तिनं तुला देवाऐवजी मनाचं ऐक असं सांगितलेलं नाही. तुला काय हवंय ते ओळख, असं सांगितलं. चिठ्ठीच्या डबीपाशी मला कुणी तेवढं विचारलं असतं तर बरं झालं असतं. ‘हृदय सर्वांत कपटी आहे’ हे यिर्मयाचं वचन पुढे करून तरुण पोरांना गप्प बसवायची आम्हा पाळकांना वाईट सवय आहे. पाळकाचं हृदयही त्यातच मोडतं, हे सोयीनं राहून जातं.

इथवर मी ‘काय नाही’ तेच सांगितलं. मग आवाज ओळखायचा कसा? शमुवेलाची गोष्ट लहानपणी रविवारच्या शाळेत ऐकली असशील. मंदिरात राहणाऱ्या त्या पोराला रात्री तीनदा हाक आली आणि तिन्ही वेळा तो याजक एलीकडे धावला. हाक खरी होती, देवाची होती, आणि तरी पोराला एकट्याला ती ओळखता आली नाही. ओळखली ती म्हाताऱ्या एलीनं, ज्याची नजर मंदावली होती आणि ज्याची पोरं वाया गेली होती. देवाचा आवाज बहुधा असा दोघांच्या मध्ये ओळखला जातो. पण खरी गंमत सकाळी आहे. निरोप होता तो एलीच्याच घराण्याच्या नाशाचा. एलीनं तो आग्रहानं काढून घेतला, ऐकला आणि म्हणाला, तो परमेश्वर आहे, त्याला बरं दिसेल ते तो करो. ज्याच्या मदतीनं तू ऐकलंस, त्याचं त्या ऐकण्यात नुकसान होतं, तरी त्यानं तुला बोलतं केलं. असा माणूस शोध. ‘तू नोकरी सोड’ म्हटल्यानं ज्याचा फायदा आहे तो तुझा एली नव्हे. आणि ‘सोडू नकोस’ म्हटल्यानं ज्यांचं घर चालतं, म्हणजे कदाचित आईबाबा, तेही पूर्णपणे नव्हेत.

घरच्या मंडळीत असं माणूस सापडलं नाही, ही तुझी तक्रार खरी आहे आणि त्यावर माझ्याकडे सबब नाही. आम्ही इमारती, खाती आणि निवडणुका सांभाळण्यात वर्षं घालवली, पोरांनी प्रश्न विचारला की ‘प्रार्थना कर’ म्हणून दार लावलं. मग ते भाड्याच्या हॉलकडे गेले तर नवल काय? पण एकदा पुन्हा दार वाजव, पाळकाचंच असं नाही. बहुतेक मंडळीत मागच्या बाकावर एखादी निवृत्त नर्स किंवा शिक्षिका असते, जिच्याकडे लोक गुपचूप जातात. ती शोध आणि माझ्यासकट सगळ्यांचं म्हणणं तिच्यापुढे मांड.

आणि शंका घेतली म्हणजे विश्वास पातळ झाला, असं कोणी म्हणालं तर आपलीच माणसं आठव. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशानं नवा करार दिला आणि दोन वर्षांत तू ख्रिस्ती होशील असं भाकीतही केलं. टिळकांनी भाकितावर उडी मारली नाही. वाचलं, पत्रव्यवहार केला, स्वतःशी झगडले. बाप्तिस्मा घेतला १० फेब्रुवारी १८९५ रोजी. लक्ष्मीबाईंना आणखी काही वर्षं लागली, त्या नवऱ्याच्या मागे डोळे मिटून गेल्या नाहीत. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून कडाडून वाद घातला, जे पटलं नाही ते पटलं नाही म्हणून लिहिलं. आपण या लोकांच्या घरचे आहोत. घासून बघणं आपल्याकडे वारशानं आलंय.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो, कारण तुला मी फक्त एका पत्रातून ओळखतो. तुला सेवेचं बोलावणं असूच शकतं. चुकीच्या माणसाच्या तोंडूनही बरोबर गोष्ट निघते. घरी कमावणारी तू एकटीच असशील तर एक हिशेब, बाबा नोकरीत असतील तर दुसरा. तुला आजवर कोणाची सेवा करायला आवडलंय, वस्तीतल्या मुलांना शिकवलंयस का, आजाऱ्याजवळ रात्रभर बसलीयस का, हे तू लिहिलं नाहीस. बोलावणं असेल तर त्याचा माग मागे कुठेतरी दिसतो. आणि ते खरं असेल तर सहा महिन्यांनी, वर्षानंही असेल. मंचावरून पहिल्यांदा काय सांगितलं जातं, तर सहसा नोकरी सोड. माझ्या अनुभवात प्रभू पहिल्यांदा सहसा याहून लहान आणि जास्त कंटाळवाणं काहीतरी सांगतो.

फळावरून ओळखाल, असं प्रभू म्हणाला. फळाला ऋतू लागतो. इंदूर धर्मप्रांतातल्या सिस्टर राणी मारिया यांचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरच्या वाटेवर बसमधून ओढून खून झाला. २००२ मध्ये त्यांच्या बहिणीनं तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. मधे सात वर्षं गेली होती. त्या सात वर्षांत त्या बहिणीवर कुणी ‘३१ तारखेच्या आत क्षमा कर’ म्हणून मुदत टाकली असती, तर काय हाती लागलं असतं कोण जाणे. २०१७ मध्ये राणी मारियांना इंदुरातच धन्य घोषित केलं, तेव्हा मी प्रॉटेस्टंट असूनही गर्दीत जाऊन उभा होतो.

आता ३१ तारखेपर्यंत काय करायचं. राजीनामा देऊ नकोस, पैसे पाठवू नकोस. सभेला जायचं की नाही ते तू ठरव. गेलीस तर त्या माणसाला किंवा त्याच्या कार्यकर्त्याला सगळ्यांसमोर नव्हे, बाजूला घेऊन एवढंच म्हण: ‘मी यावर पारख करतेय, माझ्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांशी बोलतेय, मला वेळ लागेल.’ आणि मग चेहरा बघ. ‘जरूर, घे वेळ, आम्हीही प्रार्थना करतो’ असं उत्तर आलं, तर मी त्या माणसाबद्दल इथे लिहिलेलं निम्मं परत घेईन. शापाची, संधी हुकल्याची भाषा सुरू झाली, तर रूममेटला हळूच बरोबर घेऊन बाहेर ये. तिलाही बहुधा कसलीतरी तारीख दिलेली असेल, विचार.

१ तारखेला सकाळी नेहमीसारखा डबा घेऊन ऑफिसला जा. मॅनेजरविरुद्धची तक्रार त्याच आठवड्यात लिही, मसुदा हवा तर मी बघून देईन. आणि आईची साखर किती आली ते कळव.